लाल दिवा लागला नाही

प्रमिला सिस्टर पहिल्यांदा मोटारसायकलवरून ड्युटीवर आल्या, तेव्हा भिवंडीतल्या आमच्या नर्सिंग होमच्या वॉचमनने त्यांना गेटवरच अडवलं. काळं हेल्मेट, काळं जॅकेट आणि पुढे झुकून बसायची ती रेसवाली हिरवी गाडी. "ए भाई, इधर पार्किंग नहीं, हटाव!" म्हणून तो काठी आपटत पुढे गेला. हेल्मेट निघालं, आतून घट्ट वेणी घातलेलं, कपाळावर बारीक टिकली लावलेलं डोकं बाहेर आलं आणि वॉचमनचा हात आपोआप सलामासाठी वर गेला. काठी त्याच हातात होती, ती त्याच्याच टोपीला लागली.

मी तेव्हा खालच्या मेडिकलच्या काउंटरवर होते, गरज पडली की वॉर्डातलीही कामं करायचे. समोरचं गिऱ्हाईक 'खोकल्याचं औषध द्या' म्हणत होतं आणि मी बाहेर बघत उभी. वॉर्डबॉय, आयाबाई, रक्त तपासायला आलेले पेशंट, सगळे व्हरांड्यात गोळा झाले. सिस्टरनी जॅकेट काढलं, आतला पांढरा युनिफॉर्म झटकला आणि "काय झालं? कोणी मेलं का?" असं विचारत जिना चढून गेल्या.

त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. घर कशेळीला. खाडीकाठी त्यांच्या वडिलांची शेती होती, तिथे आता गोदामं उभी आहेत. मोठं दुमजली घर, त्यात आई, धाकटा भाऊ दिनेश, त्याची बायको आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी श्रुती. भावाचं शिक्षण सिस्टरनी केलं होतं, असं आयाबाई सांगायच्या. सिस्टर स्वतः घराबद्दल फारसं बोलत नसत. बोलल्याच तर एवढंच, "आमच्याकडे कोणी आवाज चढवत नाही. सगळे फार शांत आहेत."

गाडी का घेतली, हे त्यांना नर्सिंग होममधल्या प्रत्येकाने विचारलं. कोणी चेष्टेत, कोणी काळजीत. डॉक्टर मॅडमनीसुद्धा विचारलं, "प्रमिला, स्कूटर चालली नसती का?" उत्तर सगळ्यांना एकच मिळालं. "मला आवडली." त्यापुढे काही नाही. आपल्याकडे बाईने काही घेतलं की त्याला कारण लागतं. मुलांसाठी, स्वस्त मिळाली म्हणून, गरज होती म्हणून. नुसतं आवडलं म्हणून घेतलं, यावर कोणाला पुढे काय बोलायचं ते सुचायचं नाही.

पेशंटच्या कपाळाला त्या तळहात लावत नसत, उलटा हात लावत. बोटांच्या मागच्या बाजूला ताप लवकर कळतो म्हणायच्या. थर्मामीटर नंतर. आणि नातेवाईक घाबरून "सिस्टर, एकशे दोन आहे, एकशे दोन!" करत आले की म्हणायच्या, "किती आहे ते नंतर. कशानं आलाय ते बघू." त्यांचा आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला. त्या आवाजाने माणूस निम्मा बरा व्हायचा.

गाडीशीही त्या तशाच वागायच्या. ड्युटी संपली की सगळे किक मारून, बटण दाबून भुर्रकन निघून जायचे. सिस्टर गाडी चालू करून शेजारी उभ्या राहायच्या. मीटरवर इंजिनातल्या पाण्याचं तापमान आकड्यात दिसायचं. तो आकडा चढेपर्यंत त्या हातमोजे घालणार, वेणी जॅकेटात खोचणार, माझ्याशी दोन शब्द बोलणार. वॉर्डबॉय ओरडायचे, "सिस्टर, उडवा की आता!" त्या मान हलवायच्या. "थंड इंजिनाला पळवलं तर आतून झिजतं. साठच्या वर जाऊ दे."

एका रविवारी त्यांनी मला मागे बसवून गणेशपुरीला नेलं. दर रविवारी त्या तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायच्या. मी आयुष्यात पहिल्यांदा असल्या गाडीवर बसले होते. मागची सीट एवढीशी, आणि ती पुढच्यापेक्षा उंच, त्यामुळे मी एखाद्या फांदीवर बसल्यासारखी. अंजूरफाट्याला आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे कंटेनर, बाजूला सुताच्या गाठी भरलेला टेम्पो, मागे रिक्षा. ऊन मी म्हणत होतं. थोड्या वेळाने माझ्या पायांवर भट्टीसारखी गरम हवा येऊ लागली आणि गाडीच्या पोटातून घरघर आवाज सुरू झाला. मी सिस्टरच्या खांद्यावरून मीटर पाहिलं. एकशे तीन!

"सिस्टर, शंभरच्या वर गेलंय! पाणी उकळत असेल! उतरू का?"

शेजारचा टेम्पोवालाही वाकून म्हणाला, "दीदी, बंद करो, जल जाएगी!"

सिस्टर मागे न बघता म्हणाल्या, "पंखा लागलाय तो. आवाज ऐक. शंभरच्या पुढे गेलं की आपोआप लागतो, पाणी थंड करायला. गाडी तिचं काम करतेय, तू गप बस."

खरंच, थोड्या वेळाने आकडा नव्याण्णववर आला. वाट मोकळी झाली, गाडी धावायला लागली, वारा लागला आणि आकडा भराभर उतरत पंच्याऐंशीच्या आसपास येऊन थांबला. गणेशपुरीला कुंडाच्या पायरीवर बसून, पाय पाण्यात सोडून त्यांनी मला समजावलं. असल्या गाड्या धावताना साधारण ऐंशी ते पंच्याण्णवमध्ये असतात. ट्रॅफिकमध्ये शंभरच्या पुढे जाणं अगदी नेहमीचं. आतलं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात कूलंट नावाचं रसायन मिसळलेलं असतं आणि ते दाबाखाली असतं, म्हणून शंभरला उकळत नाही. एकशे पंधराच्या पुढे लाल दिवा लागतो. लाल दिवा लागला की मात्र बाजूला घ्यायची, बंद करायची आणि हात लावायचा नाही.

"आणि दिवा नाहीच लागला तर?" मी सहज विचारलं.

"का नाही लागणार? त्यासाठीच तर ठेवलाय," त्या म्हणाल्या.

त्याच उन्हाळ्यातली, मे महिन्यातली गोष्ट. दुपारी यंत्रमागावरच्या चार कामगारांनी एकाला चादरीत घालून उचलून आणलं. पत्र्याच्या शेडमध्ये, खिडक्या बंद ठेवून चालणारा कारखाना. माणूस पंचविशीचा, डोळे फिरलेले, काहीतरी असंबद्ध बरळत होता. बरोबरचे म्हणत होते, "बुखार है, सिस्टर, सुबह से बुखार है. सुई लगा दो." सिस्टरनी उलटा हात त्याच्या कपाळाला लावला, मग मानेला, मग काखेत. हात बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं. कोरडा.

"इतका तापलाय आणि घामाचा थेंब नाही," त्या म्हणाल्या. "मॅडमना बोलवा, पळा!"

आणि मॅडम वरून खाली येईपर्यंत त्यांनी जे केलं ते बघून आम्ही हबकून गेलो. त्या माणसाचा शर्ट कात्रीने उभा फाडला, त्याला स्ट्रेचरसकट मागच्या मोरीवर नेलं आणि बादलीमागून बादली त्याच्या अंगावर ओतायला लागल्या. बरोबरचा एक जण रडकुंडीला येऊन त्यांचा हात धरायला धावला. "बुखार में पानी डालते हैं क्या? मर जाएगा!" सिस्टरनी त्याच्या हातात दुसरी बादली दिली. "तू भी डाल." मॅडम आल्या, पेशंटला हात लावला आणि म्हणाल्या, "उष्माघात. थांबू नका. बर्फ आणा, काखेत आणि जांघेत ठेवा. मी सलाईन लावते." शेजारच्या सरबतवाल्याचा सगळा बर्फ मी पिशवीतून आणला. माझी बोटं बधिर झाली होती. संध्याकाळी तो माणूस शुद्धीवर आला. "मेरा शर्ट कौन फाड़ा?" हे त्याचं पहिलं वाक्य. सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की ही बाई तापाला ओळखत होती. म्हणून पुढे जे झालं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

पावसाळा सरल्यावरचा रविवार होता. दुपारी नर्सिंग होमच्या दारात एक पिकअप येऊन थांबला आणि त्यातून दोन माणसांनी प्रमिला सिस्टरना उतरवलं. जॅकेट एका बाजूने सोलून निघालेलं, चेहरा पांढराफटक, डावा हात छातीशी धरलेला. अंबाडी नाक्याच्या अलीकडे गाडी घसरली, असं आणणारे म्हणाले. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, गुडघा फाटला होता. डोक्याला हेल्मेटमुळे काही झालं नव्हतं. आणणाऱ्यांपैकी एक जण ट्रक ड्रायव्हर होता. तो आत यायला तयार होईना. दारातच उकिडवा बसला आणि पुन्हा पुन्हा स्वतःच्या तोंडावरून हात फिरवत राहिला. "मैं पीछे था. एकदम पीछे था. ब्रेक लग गया, बस. लग गया," एवढंच त्याला बोलता येत होतं.

सगळे धरून चालले, की खडीवर चाक घसरलं असणार. मी रात्रीची औषधं द्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"अर्चू, मी आकडा बघत होते गं. शेवटपर्यंत बघत होते. आकडा चांगला होता."

दोन दिवसांनी असलमभाई आले. हे त्यांचे मेकॅनिक, दर्ग्याकडच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. टेम्पोत घालून आणलेली गाडी त्यांनी उघडली होती. हातातली टोपी चुरगाळत ते खाटेशी उभे राहिले. मी ड्रेसिंगचं सामान घेऊन तिथेच होते.

"दीदी, इंजिन जाम हुआ, इसलिए पिछला चक्का लॉक हुआ. अंदर एक बूंद पानी नहीं है."

"गळत होतं?"

"गळत नव्हतं, दीदी. पाइपाची क्लिप कोणीतरी सैल केली होती. स्क्रूवर नवीन चरे आहेत, आणि पाना चुकीच्या मापाचा. मेरा लड़का ऐसा काम करेगा तो मैं हाथ तोड़ दूँगा." त्यांनी आवाज खाली आणला. "रस्ताभर थोडं थोडं पाणी सांडत गेलं असणार. थोडी मीठी बास आई होगी आपको, कूलंट की."

सिस्टरनी मान डोलावली. वाडा रस्त्याला लागल्यावर गोडसर वास आला होता. त्यांना वाटलं, शेतातून येतोय.

"पण आकडा? लाल दिवा? इंजिन जळत होतं, तर मीटर सत्तर कसं दाखवत होतं?"

असलमभाईंनी दोन्ही हात पसरले. "मीटर पानी का बुखार नापता है, दीदी. पानी ही नहीं रहा, तो किसका नापेगा? खाली हवा में लटक रहा था."

सिस्टरनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "असलमभाई, हे कोणाला सांगू नका." माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. गाडी रोज कुठे उभी असते, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. घराच्या फाटकाच्या आत. रात्री फाटकाला कुलूप असतं.

त्या संध्याकाळी दिनेश आला. रोज यायचा. उंच, गोरा, कायम इस्त्रीचा शर्ट, बोलणं मृदू. येताना शहाळी आणायचा, आयाबाईंना नमस्कार करायचा. "सिस्टर नशीबवान, असा भाऊ!" असं सगळे म्हणत. तो स्टुलावर बसला, शहाळ्यात स्ट्रॉ घातला. मी कोपऱ्यात सलाईन बदलत होते. त्याच्याशी सिस्टर गावाकडच्या बोलीत बोलायच्या.

"असलमनी गाडी खोलली काय?" त्याने विचारलं.

"व्हय. इंजिन जाम झाला व्हता. चाक अडकला."

"मंग लाईट? लाल लाईट लागली न्हाय?"

सिस्टर शहाळं घ्यायला पुढे केलेला हात तसाच ठेवून थांबल्या. मीही थांबले. पाणी संपल्याचं असलमभाईंनी फक्त आम्हा दोघींना सांगितलं होतं. बाकी सगळ्या जगाला वाटत होतं की चाक खडीवर घसरलं, आणि दिनेशला आत्ता सांगितलं तेही फक्त इंजिनाचं, पाणी तापल्याचं नाही.

"लाईट लागाला पायजेल व्हती, ह्या तुला कोनी सांगितला, दिन्या?"

शहाळं त्याच्या हातात कलंडलं, पाणी त्याच्या इस्त्रीच्या पॅंटवर सांडत राहिलं, त्याला कळलंही नाही.

"क्लिप तू सैल केलीस?"

मला वाटलं तो नाही म्हणेल. मला वाटलं तो ओरडेल, की ताई, काय बोलतेस. देवाशपथ, त्या क्षणी मी मनातल्या मनात 'नाही म्हण, नाही म्हण' म्हणत होते. तो खाली बघत म्हणाला,

"मना वाटला लाईट लागंल न तू थांबशील. मना फकत गाडी बंद पाडाची व्हती, ताई. तुला काय कराचा नव्हता. श्रुतीला बघाला मानसं येनार. त्यांच्यातला एक जन हलदीत माझ्या तोंडावर बोलला, पोरीची आत्या पोरांसारखी गाडी उडवत फिरते म्हनून. मी खाली मान घालून जेवलो. तुला सांगून तू ऐकली असतीस?"

"इचारलास कधी?"

"न्हाय."

सिस्टरच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. राग असता तर मला ओळखता आला असता. लहान मुलाला कोणीतरी अचानक थोबाडीत मारावी, आणि ते रडायचंही विसरावं, तसा तो चेहरा होता.

"मागं ट्रक व्हता, दिन्या," त्या म्हणाल्या.

तो स्टुलावरून उठला आणि लगेच पुन्हा बसला. त्याला ट्रकचं कोणी सांगितलेलं नव्हतं. मी सलाईनची बाटली तशीच लटकती ठेवून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

मॅडमना पुढे कळलंच. मी नाही सांगितलं, सिस्टरनी स्वतः सांगितलं. मॅडम संतापल्या, पोलिसांत चला म्हणाल्या, मी येते बरोबर म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, "तो चांगला की वाईट, हे मला आत्ता ठरवता येत नाही, मॅडम. त्या घरात मला झोप लागणार नाही, एवढंच कळतंय."

घरी त्या परत गेल्याच नाहीत. नर्सिंग होमच्या मागच्या चाळीत एक खोली घेतली. आई रडत येऊन गेली. तिला एवढंच माहीत होतं, की लेक गाडीच्या नादाने घर सोडून गेली. सिस्टरनी तिला ते तसंच समजू दिलं. श्रुती कॉलेज सुटल्यावर यायची, आत्याची वेणी घालून द्यायची, कारण एका हाताने वेणी घालता येत नाही. दिनेशही यायचा. वर चढायचा नाही. खाली गल्लीत, पानाच्या टपरीशी उभा राहायचा आणि थोड्या वेळाने निघून जायचा. सिस्टरना तो खिडकीतून दिसायचा. त्यांनी खिडकी बंद केली नाही आणि हाकही मारली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "त्याला हाकलून तरी द्या!" त्या म्हणाल्या, "उभा राहू दे. त्याला दुसरीकडे कुठे उभं राहता येत नसेल."

असलमभाईंनी गाडी दुरुस्त केली. त्याला बरेच महिने लागले. इंजिनाचं आतलं पुष्कळसं नवीन घालावं लागलं. गाडी दारात आली त्या दिवशी सिस्टर चालू करून नेहमीसारख्या शेजारी उभ्या राहिल्या. पण आता मीटरकडे बघणं त्यांना पुरेना. गुडघ्यावर बसून पाइप चाचपला, खाली जमिनीवर ओल आहे का पाहिली, टाकीच्या खाली उलटा हात धरला. पुन्हा मीटर. पुन्हा पाइप. माझ्याशी बोलत असताना त्यांची नजर तिकडेच. शेवटी गाडी बंद करून चालत ड्युटीवर आल्या. त्या दिवशी, आणि नंतरही कितीतरी दिवस. ते बघणं मला अपघातापेक्षा जड गेलं.

पुढे त्यांनी गणेशपुरीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात काम धरलं. माझं लग्न झालं, मी ठाण्याला आले. फोन व्हायचे, ते कमी होत गेले. एवढं कळलं, की श्रुतीचं जमलेलं लग्न तिने स्वतःच मोडलं. का मोडलं, ते सिस्टरनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कशेळीच्या पुलावर. मी रिक्षातून भिवंडीला निघाले होते आणि समोरून ठाण्याकडे जाणारी लाईन ठप्प होती. कंटेनरच्या रांगेत मला ती हिरवी गाडी दिसली. पुढे सिस्टर होत्या, कानाजवळचे केस पांढरे झालेले, हेल्मेटची काच वर केलेली. मागे, त्या एवढ्याशा उंच सीटवर, दुधाची पिशवी धरावी तशी औषधांची पिशवी पोटाशी धरून, दिनेश बसला होता.

त्यांची आई ठाण्याला दवाखान्यात शेवटच्या दिवसांत होती आणि त्या पुलावरून लवकर पोचायला दुसरं वाहन नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं. मी नुसती बघत राहिले. त्याला ती गाडीवर घेते? त्याच गाडीवर? आणि हा बसतो?

पुढचा कंटेनर जरा सरकला. सिस्टरनी गाडी पुढे घेतली, लगेच ब्रेक लावावा लागला, आणि तोल सावरायला दिनेशचा हात त्यांच्या डाव्या खांद्यावर पडला. चटका बसावा तसा त्याने तो मागे घेतला आणि सीटची कड धरली. सिस्टरनी मागे पाहिलं नाही. गाडी न्यूट्रलला टाकली, क्लचवरचा हात सोडला, मागे नेला, चाचपून त्याचं मनगट शोधलं आणि त्याचा हात होता तिथे, खांद्यावर, परत ठेवला.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. माझी रिक्षा सुटली, आणि मी मान वळवून बघत होते तोवर कंटेनर मध्ये आला.